रहस्य कळले, तरी जादू का उरते?

अनुक्रम (धागाकर्ता)

माझी भाची नववीत शिकते. गेल्या आठवड्यात तिने पत्त्यांची २७ पाने माझ्या हाती दिली, त्यांतले एक मनात धरायला सांगितले आणि १ ते २७ मधला माझ्या आवडीचा आकडा विचारला. मी १५ म्हणालो. तिने पाने एकेक करून तीन गठ्ठ्यांत उघडी वाटली, माझे पान कोणत्या गठ्ठ्यात आहे एवढेच विचारले, गठ्ठे एकावर एक ठेवले आणि हेच आणखी दोनदा केले. मग वरून मोजत मोजत तिने पंधरावे पान उलटले, तर ती चौकटची सत्ती होती आणि मी तीच मनात धरली होती.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. पान पंधरावे यायचे तर त्याच्या वर १४ पाने हवीत आणि १४ ही संख्या त्रिमान पद्धतीत (०, १, २ हे तीनच अंक वापरून) ११२ अशी लिहितात, कारण ती ९ + ३ + २ आहे. हे अंक उजवीकडून वाचायचे : पहिल्या वाटपानंतर माझा गठ्ठा सर्वांत खाली, कारण अंक २ आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटपानंतर तो मध्ये, कारण अंक १ आहे. अंक ० असता तर गठ्ठा वर ठेवायचा. गठ्ठे उचलताना ती मुलगी माझ्या डोळ्यांदेखत एक संख्या लिहीत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या प्रयोगाचा अभ्यास केला होता, हे मला नंतर वाचताना कळले.

एरवी जादूचे रहस्य कळले की हिरमोड होतो. बाहीत लपवलेले पान दिसले की पुढे पाहावेसे काही उरत नाही. इथे मात्र उलगडा झाल्यावर माझे आश्चर्य वाढले आणि मी तोच प्रयोग एकट्यानेच चार वेळा करून पाहिला. असे इतरांना होते का? आणखी एक प्रश्न आहे. काही प्रयोग नेमके दर वेळी साधत नाहीत, पण बहुतेक वेळा साधतात, असे ऐकले आहे. संभाव्यतेच्या भरवशावर केलेल्या प्रयोगाला जादू म्हणावे का?

बदामराणी

मी गेली बरीच वर्षे लोकांसमोर प्रयोग करते, म्हणून थोडे विरुद्ध मत मांडते. तुमचे आश्चर्य वाढले, कारण तुम्ही कागद घेऊन बसलात. प्रेक्षक कागद घेऊन येत नाही. त्याच्यापुढे २७ पाने तीन वेळा वाटायची म्हणजे ८१ वेळा पान टाकायचे, आणि दुसऱ्या वाटपापासूनच मागच्या रांगेतली माणसे आपापसांत बोलू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे. गणित अचूक असते म्हणून प्रयोग रंगत नाही. प्रेक्षकाचे लक्ष कुठे आहे, त्याला काय आठवेल आणि काय आठवणार नाही, यावर प्रयोग उभा राहतो. गणित हा पाया आहे हे मी मान्य करते, पण पाया पाहायला कोणी घरी येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी ठामपणे 'हो' असे देते. एक उदाहरण सांगते. ५२ पानांचा पूर्ण जोड नीट पिसून घ्या आणि समोरच्याला कोणतीही दोन मूल्ये सांगायला सांगा, समजा राजा आणि सत्ती. मग म्हणा की एखादा राजा आणि एखादी सत्ती या जोडात शेजारी शेजारी असतील. लोकांना हे जवळजवळ अशक्य वाटते.

शंकेखोर

आणि नसतील तर?

बदामराणी

नसतील तर मी त्याला प्रयोगाचा शेवट म्हणतच नाही. पुष्कळदा त्या दोघांमध्ये एकच पान आलेले असते, तेव्हा त्या मधल्या पानाचे काहीतरी करता येते, आणि तेही नसेल तर 'आता पाने नीट पिसली गेली आहेत याची आपण खात्री केली' असे म्हणून मी पुढच्या प्रयोगाला लागते. प्रेक्षकाला शेवट काय होणार हे आधी ठाऊक नसते, हे आमचे सर्वांत मोठे भांडवल आहे.

पायरीपायरीने

बदामराणी यांच्या प्रयोगाची संभाव्यता मी मोजून पाहिली. चार राजे आणि चार सत्त्या बाजूला काढल्यावर ४४ पाने उरतात, त्यांच्यामध्ये आणि दोन्ही टोकांना मिळून ४५ जागा होतात. कोणत्याही एका जागेत राजा आणि सत्ती एकत्र येऊ नयेत अशा रचना मोजल्या, तर त्या एकूण रचनांच्या ५१.४ टक्के भरतात. म्हणजे शेजार मिळण्याची शक्यता ४८.६ टक्के आहे, जवळजवळ नाणेफेकीइतकी. मन चुकते ते अशा ठिकाणी, की आपल्या डोळ्यांपुढे एक राजा आणि एक सत्ती असते, तर प्रत्यक्षात राजा-सत्तीच्या १६ जोड्या असतात आणि त्यांपैकी कोणतीही एक जुळली तरी चालते. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तिथेही मन याच ठिकाणी फसते, कारण २३ माणसांच्या २५३ जोड्या होतात.

लघुगुरू

अनुक्रम यांच्या पहिल्या प्रश्नाकडे मी एका अनपेक्षित वाटेने येतो, कारण मी गणिताचा नव्हे, वृत्तांचा विद्यार्थी आहे.

'यमाताराजभानसलगं' हे सूत्र आपण शाळेत पाठ केलेले असते. त्यातले कोणतेही अक्षर घ्या आणि त्याच्यापासून सलग तीन अक्षरे वाचा, म्हणजे त्या नावाचा गण मिळतो. यमाता म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य गण. मातारा म्हणजे तिन्ही गुरु, हा म गण. असेच पुढे ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगं. तीन अक्षरांत लघु-गुरूंच्या आठच रचना होऊ शकतात आणि त्या आठही या दहा अक्षरांत एकेकदा येतात, एकही दुसऱ्यांदा येत नाही. शेवटचे 'लगं' हे लघु-गुरु सुरुवातीच्या 'यमा'सारखेच आहेत, म्हणून ती दोन अक्षरे काढून टोके जोडली तर आठ मण्यांची माळ तयार होते आणि तिच्यात कुठूनही तीन मणी पाहिले तरी ते कुठून घेतले हे ओळखता येते.

आता मण्यांच्या जागी पाने ठेवा. लघु म्हणजे काळे पान, गुरु म्हणजे लाल. काळे, लाल, लाल, लाल, काळे, लाल, काळे, काळे अशी आठ पाने रचा आणि त्यांचा क्रम पाठ करा. तीन जणांना शेजारी शेजारी बसवा. गठ्ठा हवा तितक्या वेळा काटायला द्या. मग पहिल्याने वरचे पान घ्यावे, दुसऱ्याने त्याखालचे, तिसऱ्याने त्याखालचे. तुम्ही एवढेच म्हणा, 'ज्यांच्याकडे लाल पान आहे त्यांनी उभे राहावे, म्हणजे मला त्यांचे मन वाचणे सोपे जाईल.' मधला एकटाच उभा राहिला तर रचना लघु-गुरु-लघु, म्हणजे ज गण, म्हणजे 'जभान' ही तीन पाने. तिघांचीही पाने तुम्ही नावानिशी सांगू शकता.

मी गण शिकलो तेव्हा हे सूत्र केवळ पाठांतराची सोय वाटली होती. ते असे दुसऱ्या रूपात समोर आले त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो रहस्य ठाऊक असूनही झाला.

शंकेखोर

पण इतक्या वेळा काटल्यावर क्रम बिघडत नाही का?

गणितशिक्षिका

बिघडत नाही. काटणे म्हणजे वरचा भाग उचलून खाली ठेवणे, आणि माळ कुठूनही हातात धरली तरी मण्यांचा क्रम तोच राहतो. बदलते ती फक्त सुरुवात. लोकांना काटणे आणि पिसणे या दोन्हींत सारखाच गोंधळ दिसतो, या समजुतीवर कितीतरी प्रयोग चालतात.

लघुगुरू यांनी सांगितलेल्या माळेला निकोलास डी ब्रुईन या डच गणितज्ञाचे नाव दिले जाते, त्यांचा यावरचा निबंध १९४६चा आहे. पाच जण आणि ३२ पाने घेऊनही हा प्रयोग होतो, कारण पाच जण उभे-बसलेले असण्याच्या ३२ रचना आहेत. तशा निरनिराळ्या माळा २०४८ होतात. आठ पानांच्या मात्र दोनच होतात, त्यांतली एक आपल्या सूत्राची. दुसरी कोणती ते इथे सांगत नाही, अनुक्रम यांच्या भाचीला शोधू द्यावी.

शंकेखोर

काटण्याचे पटले. पण पाने खरोखर पिसली तर सगळे गणित संपले पाहिजे. दोन गड्ड्या समोरासमोर धरून अंगठ्यांनी फुरफुरवत एकमेकींत मिसळतात, तसे एकदा केले की कोणते पान कुठे गेले हे देवालाही सांगता येऊ नये. माझा आक्षेप असा आहे, की जिथे खरा यदृच्छपणा सुरू होतो तिथे गणिती जादू थांबते आणि हातचलाखी सुरू होते.

गणितशिक्षिका

हा आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एक जोड घ्या आणि लाल, काळे, लाल, काळे असा पूर्ण ५२ पानांचा क्रम लावा. वरून एकेक पान टेबलावर टाकत साधारण अर्धा गठ्ठा करा. किती पाने टाकायची हे प्रेक्षकाने ठरवले तरी चालेल. मग हातातला भाग आणि टेबलावरचा भाग शंकेखोर यांनी वर्णन केले तसे एकदा फुरफुरवून एकमेकांत मिसळा, आणि हे कामही प्रेक्षकालाच करू द्या. आता वरून दोन-दोन पाने काढत जा. प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळे पान निघेल, २६ पैकी २६ वेळा.

कारण असे. मिसळताना पाने दोन्ही भागांच्या तळाकडून सुटतात. टेबलावर टाकताना त्या भागाचा क्रम उलटला, म्हणून दोन्ही भागांची तळाची पाने नेमकी वेगळ्या रंगांची असतात. समजा आधी लाल सुटले. ज्या भागातून ते सुटले त्याच्या तळाशी आता काळे आले, आणि दुसऱ्या भागाच्या तळाशी काळे होतेच. मग पुढचे पान कोणत्याही अंगठ्याखालून सुटो, ते काळेच असणार. ही जोडी पूर्ण झाली की दोन्ही तळांचे रंग पुन्हा वेगळे होतात आणि तीच परिस्थिती नव्याने सुरू होते. नॉर्मन गिलब्रेथ यांनी हे तत्त्व १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. पिसणाऱ्याचा हात कितीही स्वैर चालला तरी एक गोष्ट त्याच्या हाताबाहेर राहते, आणि ती शोधणे हेच इथले गणित.

शिवाय एकदा पिसण्याने पाने वाटतात तितकी मिसळत नाहीत. डेव्ह बेअर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की ५२ पानांचा जोड पुरेसा मिसळायला असे सुमारे सात वेळा पिसावे लागते. डायकोनिस यांची कहाणी या धाग्याला साजेशी आहे : वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडून ते डाय व्हर्नन या थोर जादूगाराबरोबर फिरू लागले आणि पुढे संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. पाने किती मिसळली आहेत हा प्रश्न जादूगाराला पोटापाण्यासाठी पडतो, तोच त्यांनी गणिताला विचारला.

शंकेखोर

आत्ताच करून पाहिले. २६ पैकी २६. आक्षेप मागे घेतो.

बदामराणी

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण माझ्याकडे आहे. जोडाचे बरोबर २६-२६ असे दोन भाग करून एक इकडचे, एक तिकडचे अशी पाने अचूक एकाआड एक गुंफली, तर त्यात यदृच्छपणा शून्य असतो. वरचे पान वरच राहील अशा रीतीने आठ वेळा गुंफले की सगळा जोड मूळ क्रमावर येतो. मला हे हाताला बसवायला दोन वर्षे लागली. पानांच्या कडा बोटांना जाणवाव्या लागतात, एक जरी पान जोडीने पडले तरी सगळे वाया जाते आणि ते वाया गेले आहे हे शेवटी कळते.

याच गुंफणीने वरचे पान हव्या त्या जागी नेता येते. तेराव्या जागी न्यायचे तर वर १२ पाने हवीत. द्विमान पद्धतीत १२ म्हणजे ११००. डावीकडून वाचायचे : १ आला की वरचे पान आत जाईल अशी गुंफण, ० आला की वरचे पान वरच राहील अशी. आत, आत, बाहेर, बाहेर. पानाच्या वरच्या पानांची संख्या १, ३, ६, १२ अशी वाढत जाते. अनुक्रम यांच्या भाचीने गठ्ठ्यांनी जी संख्या लिहिली, तशीच संख्या मी गुंफणीने लिहिते, हे मला हा धागा वाचेपर्यंत कधी जाणवले नव्हते.

मनमोकळा

एक छोटे कोडे टाकतो. जोडात १० पाने उघडी आणि बाकीची उपडी आहेत, सगळी मिसळलेली. तुम्ही काळोखात आहात. पाने चाचपून उघडी की उपडी ते कळत नाही. दोन गठ्ठे असे करा की दोन्हींत उघड्या पानांची संख्या समान असेल.

पायरीपायरीने

कोणतीही १० पाने मोजून वेगळी काढा आणि तो गठ्ठा तसाच्या तसा पालथा करा. त्यात क्ष पाने उघडी असतील तर उरलेल्या गठ्ठ्यात १० − क्ष उघडी असतात, आणि पालथे केल्यावर छोट्या गठ्ठ्यातही तेवढीच उघडी होतात.

मनमोकळा

बरोबर. मी हे मुलांसमोर दिवा मालवून करतो. दिवा लागल्यावर मुले दोन्ही गठ्ठे मोजतात तेव्हा खोलीत जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतो.

संभ्रमित

मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. बदामराणी फसलेल्या प्रयोगावर पांघरूण घालतात, हे कौशल्य आहे, पण त्याने संभाव्यता जादू ठरत नाही. निम्म्या वेळा साधणाऱ्या गोष्टीला मी नशीब म्हणेन.

पायरीपायरीने

मग ज्यात नशीब जवळजवळ संपते असा प्रयोग पाहू. जोड पिसा आणि पाने एकेक करून उघडी मांडत जा. प्रेक्षकाने मनात १ ते १० पैकी एक आकडा धरायचा. समजा त्याने ४ धरला, तर चौथे पान हे त्याचे पहिले पान. ते अठ्ठी असेल तर तिथून आठ पाने पुढे जायचे, तिथले पान तिर्री असेल तर तीन पाने पुढे. एक्क्याचा १ आणि राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी ५ मोजायचे. असे जाता जाता जोड संपतो, तेव्हा ज्या शेवटच्या पानावर तो थांबला ते लक्षात ठेवायचे. एकही शब्द न विचारता तुम्ही ते पान सांगता.

युक्ती एवढीच, की तुम्हीही मनात कोणताही आकडा धरून तसेच चालत जायचे. तुमचे शेवटचे पान आणि त्याचे शेवटचे पान बहुधा एकच निघते. का, ते पाहा. एका रंगाच्या (उदा. इस्पिकच्या) तेरा पानांच्या मूल्यांची बेरीज ७० होते, म्हणजे सरासरी उडी ५.४ पानांची. ५२ पानांत साधारण दहा थांबे येतात. प्रत्येक थांब्यावर तुमचे पाऊल त्याच्या एखाद्या थांब्यावर पडण्याची शक्यता ५.४ मध्ये एक. दहाही वेळा चुकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के उरते. आणि एकदा पावले जुळली की ती पुन्हा वेगळी होऊच शकत नाहीत, कारण पुढची वाट पानांनी ठरवलेली असते. बारकाईने केलेले हिशेबही यशाची शक्यता साधारण ८५ टक्के देतात. मार्टिन क्रुस्कल या पदार्थवैज्ञानिकाच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. दोन जोड एकत्र करून १०४ पानांवर केला, तर वरच्याच अंदाजाने फसण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास येते.

संभ्रमित, निम्म्या वेळा साधणाऱ्या प्रयोगाला तुम्ही नशीब म्हणता. १०० पैकी ९८ वेळा साधणाऱ्याला काय म्हणाल?

संभ्रमित

९८ला नशीब म्हणणार नाही. पण मग ५० आणि ९८ यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची, हा माझा प्रश्न शिल्लक राहतो.

गणितशिक्षिका

रेघ मारण्याऐवजी मी वर्गात काय पाहिले ते सांगते. फळ्यावर ५२ पानांची मूल्ये ओळीने लिहिली आणि प्रत्येकाला आपापला आकडा धरून चालत जायला सांगितले. शेवटी विचारले, कोण कुठे पोहोचले? चाळीस हात एकाच पानासाठी वर गेले, तीन मुली दुसऱ्या पानावर होत्या. सगळ्या वर्गाला त्या तिघींचे नवल वाटले. त्या तिघींनी आपल्या वाटा पुन्हा तपासल्या, त्या बरोबर होत्या, आणि मग 'आमची वाट त्यांच्या वाटेला का मिळाली नाही' या प्रश्नावर उरलेला तास गेला. प्रयोग संपूर्ण साधला असता तर हा तास मला मिळाला नसता.

अनाहूत

विषयाला धरूनच एक गंभीर बाजू मांडतो. माझ्या एका नातेवाइकाला अनोळखी माणसाकडून भावांच्या चढउताराचे भाकीत येऊ लागले. लागोपाठ सहा भाकिते खरी ठरली आणि सातव्यासाठी पैसे मागितले गेले, ते त्यांनी दिले. यामागचे गणित साधे आहे. ६४० जणांपैकी निम्म्यांना 'चढेल' आणि निम्म्यांना 'उतरेल' असे कळवायचे, ज्यांच्या बाबतीत चुकले त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्यांना पुन्हा निम्मे-निम्मे वाटायचे. सहा फेऱ्यांनी दहा माणसे अशी उरतात, ज्यांनी फक्त सहा खरी भाकितेच पाहिलेली असतात. बाकीच्या ६३० जणांची त्यांना कल्पनाच नसते.

बदामराणी 'प्रेक्षकाला शेवट ठाऊक नसतो' असे म्हणतात, तेच भांडवल इथेही वापरले गेले. म्हणून संभाव्यतेवर प्रयोग करणाऱ्याने निदान शेवटी तरी 'मी मन वाचत नाही' असे सांगावे, असे मला मनापासून वाटते.

बदामराणी

अनाहूत, तुमच्या नातेवाइकांबद्दल वाचून वाईट वाटले. माझ्या प्रयोगाचे तिकीट काढणाऱ्याला आपण फसवले जाणार हे माहीत असते आणि त्यासाठीच तो येतो, हा फरक मला पुष्कळ मोठा वाटतो. तरीही तुमची सूचना मी मनावर घेते. दिव्यदृष्टीचे दावे तपासताना होणाऱ्या संख्याशास्त्रीय चुकांवर डायकोनिस यांनीही १९७८ मध्ये लिहिले होते, आणि असे दावे पारखायला जादूगाराचा डोळा उपयोगी पडतो, हा आमच्या व्यवसायाचा चांगला उपयोग आहे.

लघुगुरू

रहस्य उघड असूनही न संपणाऱ्या जादूचे मला सर्वांत आवडते उदाहरण दोघांनी मिळून करायचे आहे. प्रेक्षक ५२ पानांतून कोणतीही पाच काढतो. सहकारी त्यांतले एक लपवून चार पाने ओळीने मांडतो. त्यानंतर खोलीत येणारा जादूगार ती चार पाने पाहून पाचवे सांगतो. फिच चेनी या गणितज्ञाची ही कल्पना आहे.

समजा इस्पिकची राणी, इस्पिकची तिर्री, बदामची पंजी, चौकटची अठ्ठी आणि किलवरचा गुलाम अशी पाने आली. रंग चार आणि पाने पाच, म्हणून निदान दोन पाने एका रंगाची असणारच. इथे इस्पिकची दोन आहेत. तेरा मूल्ये घड्याळासारखी वर्तुळात मांडली तर कोणत्याही दोहोंपैकी एकाकडून दुसऱ्याकडे सहा किंवा कमी पावलांत जाता येते. राणीपासून राजा, एक्का, दुर्री, तिर्री अशी चार पावले. म्हणून तिर्री लपवायची आणि राणी पहिली ठेवायची. उरलेली तीन पाने सहा क्रमांनी मांडता येतात आणि प्रत्येक क्रमाला १ ते ६ पैकी एक आकडा आधीच ठरवलेला असतो. आमच्या संकेतात 'मधले, मोठे, लहान' म्हणजे ४. मांडणी झाली राणी, अठ्ठी, गुलाम, पंजी. आत येणारा राणीपासून चार पावले मोजतो आणि इस्पिकची तिर्री म्हणतो.

पायरीपायरीने

याला जोडून एक गोष्ट. हाच प्रयोग मोठ्या जोडावर करायचा ठरवला, तर १२४ पानांपर्यंतच करता येतो. न पानांतून पाच निवडण्याचे प्रकार न(न−१)(न−२)(न−३)(न−४)/१२० आहेत, आणि चार पाने ओळीने मांडण्याचे प्रकार न(न−१)(न−२)(न−३). प्रत्येक निवडीला स्वतंत्र मांडणी मिळायला हवी, म्हणून न−४ हे १२० पेक्षा जास्त चालत नाही. १२४ पानांवर तो खरोखर साधतो, हेही सिद्ध झालेले आहे.

मनमोकळा

आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ कसा विसरू? चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येते आणि इथेच राहते. मी ६१७४ आधी चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवतो. हा शोध एका शाळाशिक्षकाचा आहे, हे मी दर वेळी मुलांना आवर्जून सांगतो.

संभ्रमित

क्रुस्कलचा प्रयोग काल घरी केला. पहिल्यांदा साधला, दुसऱ्यांदा फसला, तिसऱ्यांदा साधला. फसला तेव्हा मी दोन्ही वाटा पानांवर खडे ठेवून पाहिल्या. एका ठिकाणी त्या अगदी शेजारच्या पानांवर होत्या आणि तिथून पुन्हा दूर गेल्या. माझा रेघ मारण्याचा प्रश्न सुटला नाही, पण आता तो विचारावासा वाटत नाही.

अनुक्रम (धागाकर्ता)

इतके लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. भाचीला लघुगुरू यांचा आठ पानांचा प्रयोग करून दाखवला. तिने तो तीनदा करायला लावला आणि चौथ्यांदा मला म्हणाली, 'मामा, आता मी उभी राहणार नाही, फक्त पान हातात धरते. सांगा.' म्हणजे माहिती कुठून येते हे तिने ओळखले होते. गणांचे सूत्र तिला पाठ होतेच, त्यामुळे पुढचे सांगावे लागले नाही. गणितशिक्षिका यांची दुसरी माळ तिला दहा मिनिटांत सापडली : तिने हीच माळ उलट्या बाजूने वाचली.

माझ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर बदामराणी यांचे म्हणणे आता मला जास्त पटते. मी तिला रहस्य आधीच सांगितले असते, तर ती ते पाठ करून मोकळी झाली असती. आधी तीन वेळा फसल्यामुळे ती शोधायला लागली.

आता तिला चार मैत्रिणींसाठी १६ पानांची माळ हवी आहे, आणि तीही सूत्रासारखी म्हणता येईल अशी.

लघुगुरू

दोन दिवस यावर बसलो होतो. ही घ्या सोळा अक्षरांची ओळ :

सहज घडे किमया आगळी, पहा पानांची

पहिली चार अक्षरे लघु, मग गुरु, मग दोन लघु, दोन गुरु, लघु, गुरु, लघु आणि शेवटी चार गुरु. टोके जोडून कुठूनही सलग चार अक्षरे घ्या, सोळाही रचना एकेकदा मिळतील.

बदामराणी

लघुगुरू, तुमची अनुमती असेल तर ही ओळ मी पुढच्या प्रयोगात वापरीन. पाने वाटताना मोठ्याने म्हणता येईल आणि तरी कोणाला कळणार नाही.

लघुगुरू

अवश्य वापरा.

अनुक्रम (धागाकर्ता)

भाचीने वहीत सोळाही चौकड्या लिहून काढल्या आणि एकेकीपुढे खूण केली. 'चीसहज'पाशी ती अडखळली, मग ओळीचे शेवटचे अक्षर पहिल्याला जोडायचे हे लक्षात आल्यावर तिने ती खूणही केली. सोळा झाल्या. आता ती बत्तीस अक्षरांची ओळ मागते आहे.